श्रमसाफल्य वसाहतीची केबलवाली

बापूसाहेबांच्या केबल कंपनीत मेहनाजनं अकरा वर्षं फोन उचलला. "चित्र अडकतंय", "आवाज येतोय पण तोंड दिसंना", "कालपासनं सगळं निळं झालंय" असल्या तक्रारी ऐकून ऐकून तिचा कान असा तयार झाला होता की गिऱ्हाईकाचं बोलणं अर्ध्यावर असतानाच ती सांगायची, "मावशी, टीव्हीच्या मागं हात घाला, पिन सैल झालीय," नाहीतर "तुमच्या गल्लीतला बॉक्सच बसलाय, माणूस पाठवते." बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. लाईनमन मंडळी गमतीनं म्हणायची, मेहनाजबाई फोनवरनं वायर चाचपतात.

ही विद्या घरातली होती. वडील राजेसाब शेख म्हणजे सोलापुरातले जुने लाईनमन. शहरात केबल आली तेव्हापासून साखर पेठेतून विजापूर वेशीपर्यंत एक गच्ची अशी नसेल जिच्यावर राजेसाबांचे पाय लागले नाहीत. अठ्ठावीस वर्षं चढण्याउतरण्यात गुडघे गेले, तेव्हा ते घरी बसले. मेहनाज लहान असताना जेवायला बसल्यावर ते वायरीच्याच गोष्टी सांगायचे. कुणाच्या गच्चीवर माकडानं वायर कुरतडली, कुणाच्या वाळवणावर पाय पडून शिव्या खाल्ल्या, असल्या.

एका जुलैत बापूसाहेबांनी मेहनाजला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला आणि मग सांगितलं की तक्रारींचे फोन आता पुण्यातल्या एका सेंटरला जाणार, इथलं टेबल बंद.

"आणि लांबच्या दोन-चार लाईनीपण सोडायच्या चाललंय," ते पुढं म्हणाले. "ती अक्कलकोट रोडवरची श्रमसाफल्य वसाहत बघ. चारशे बारा घरं, पण जोडण्या साठ. रस्त्याच्या कामात वायर तुटली, ती परत ओढायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. राहू दे म्हटलं."

मेहनाजनं कप खाली ठेवला. श्रमसाफल्य वसाहत तिला चांगली ठाऊक होती. पायानं नव्हे, कानानं. सगळ्या शहरातून तक्रारी यायच्या त्या रात्री आठनंतर, माणसं जेवायला बसली की. या एका वसाहतीतून फोन यायचे ते दुपारी अकरा ते चार. पहिली दोन वर्षं तिला त्याचं नवल वाटलं. मग एकदा तिनं एका बाईला विचारलंच, एवढ्या दुपारी टीव्ही कशाला लागतो? बाई म्हणाली, "आमी विड्या वळत बसतो की दिवसभर. टीव्ही नसला तर हात चालंना."

"साहेब," मेहनाज म्हणाली, "ती वसाहत मला द्या."

"द्या म्हणजे?"

"सिग्नल तुमचा. वसाहतीतली लाईन, जोडण्या, दुरुस्ती, वसुली सगळी माझी. कागद करू."

बापूसाहेब हसले. "अगं, आता केबल बघतंय कोण? ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल हाय."

"हातात हाय तेच की साहेब. जिचे दोन्ही हात विडीत गुंतलेत तिनं मोबाईल कुठं धरायचा?"

बापूसाहेबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "करार मी तुझ्या नावानं करीन. पण बुडालीस तर माझ्याकडं रडत यायचं नाही."

"बुडाले तर पुण्याच्या सेंटरला फोन करीन," मेहनाज म्हणाली, आणि दोघंही हसले.

घरी मात्र कुणी हसलं नाही. बापलेकींचं बोलणं नेहमी अर्धं दखनी, अर्धं मराठी असायचं. त्या दिवशी राजेसाब सगळं दखनीतच बोलले.

"नक्को बेटा. मेरी जिंदगी गई तारां में. तेरी कायकू?"

"तुम्ही दुसऱ्याच्या तारा ओढल्या, अब्बा. मी माझ्या ओढणार."

"और खंबे पे कौन चढता?"

"मी. तुम्ही शिकवायचं."

राजेसाब उठून आत गेले. मेहनाजचा नवरा एजाज हैदराबादच्या रस्त्यावर टेम्पो चालवायचा, आठवड्यातले तीनच दिवस घरी असायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "चपला घालून चढू नको. हैदराबादहून बूट आणतो." त्यानं आणलेही, काळे, जाड तळव्याचे, तिच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी राजेसाब दारात काठी घेऊन उभे. "चल. वसाहत दिखा."

अकरा गल्ल्या होत्या. एकसारखी पत्र्याची आणि स्लॅबची घरं, दारात तुळस नाहीतर कोथिंबिरीचं डबडं, आणि जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यात मांडीवर सूप घेतलेली एक बाई. सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. बोटं चाललेली आणि नजर समोरच्या बंद टीव्हीच्या बाजूला कुठंतरी. राजेसाब गल्लीच्या तोंडाशी थांबायचे, मान वर करून घरांच्या कडा बघायचे आणि पुढं जायचे. कुठं घर बुटकं, कुठं मधे लिंबाचं झाड, कुठं विजेची तार फार जवळ. घरी येऊन त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन्सिलीनं पूर्ण वसाहत काढली. कुठून वायर निघेल, कुठं फाटा फुटेल, कुठं सिग्नल जोरकस करणारी पेटी बसवायची, सगळं त्या पानावर आलं.

"एक बात याद रख," ते म्हणाले. "ज्याच्या घरावरनं वायर जाणार, त्याच्या घरचा चहा आधी प्यायचा. चहा पाजला नाही म्हणजे परवानगी नाही."

चढणं त्यांनी आपल्याच गल्लीत शिकवलं. शिडी भिंतीला किती तिरकी लावायची, कमरेचा पट्टा कुठं अडकवायचा, आणि वर गेल्यावर शरीराला तीन ठिकाणी पकड हवीच: दोन पाय, एक हात, नाहीतर दोन हात, एक पाय. मेहनाज सलवार घोट्याशी बांधून, ओढणी डोक्यामागं गाठ मारून, अर्धा नंबर मोठे बूट घालून चढायची. शेजारपाजारचे चार लोक बघायला जमायचे. राजेसाब खालून ओरडायचे, "नीचे मत देख! हातकू देख!" पंधरा दिवसांत लोकांनी बघणं सोडलं, आणि मेहनाजला चढताना पकडी मोजाव्या लागेनात.

मग घरोघरी विचारणं सुरू झालं. पहिल्या गल्लीत पहिल्याच घरी शांतम्मा भेटल्या. साठीच्या आत-बाहेर, कपाळावर मोठं कुंकू, बोटांना तंबाखूचा कायमचा पिवळा रंग. घरात तेलुगू बोलणाऱ्या, दारात सोलापुरी मराठी. वसाहतीत नळाला पाणी किती वाजता सोडायचं हेसुद्धा शांतम्माला विचारून ठरायचं.

"केबल काय?" त्या विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. "ह्याच्या आदी दोघं येऊन गेले. डिपाझिट घेतलं आन् पळाले. तू तिसरी काय?"

"मी डिपॉझिट मागत नाही, अक्का. आधी चित्र दाखवते. महिनाभर बघा. आवडलं तर द्या."

शांतम्मानं पहिल्यांदा वर बघितलं. "आन् न्हाय दिलं तर?"

"तर मी तुमच्या दारात बसून विड्या वळीन."

"येतात का तुला?"

"नाही."

"मग माझं नुसकानच की गं!" शांतम्मा खदखदून हसल्या आणि आत वळून कुणाला तरी चहा टाकायला सांगितलं.

त्या चहाबरोबर मेहनाजला धंद्यातली मोठी गोष्ट कळली. शांतम्मांच्या घरी तेलुगू मालिका हव्यात, सुनेला मराठी. पलीकडच्या शिवबाई कन्नड सोडून काही बघायच्या नाहीत. तिसऱ्या गल्लीत उर्दू-हिंदी. बापूसाहेबांच्या कंपनीत एका भाषेच्या चॅनलांचा गठ्ठा घेतला की दुसऱ्या भाषेला वेगळे पैसे पडायचे, म्हणून निम्म्या घरांनी केबल सोडली होती. टीव्ही बघायची हौस संपली नव्हती. घरातल्या दोन भाषा एका रिमोटमध्ये मावत नव्हत्या. मेहनाजनं वहीत घरागणिक लिहून घेतलं, कुणाला काय लागतं, आणि ती वही घेऊन बापूसाहेबांपुढं बसली. चारी भाषांतले मोजके चॅनल एकाच गठ्ठ्यात द्या, म्हणाली. बापूसाहेब आधी नाही म्हणाले. तिनं वही उलगडून एकेक घर वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या गल्लीपर्यंत आल्यावर त्यांनी हात जोडले. "बस कर बाई. देतो."

नोंदणीच्या अर्जात धंद्याचं नाव लिहायचं होतं. राजेसाब म्हणाले, माझं नाव घाल, लोक ओळखतात. मेहनाजनं ‘मेहनाज केबल’ लिहिलं.

"लोगां क्या बोलते?"

"वायर दुरुस्त करायला मी गेले की जे म्हणायचं ते म्हणतील, अब्बा. तेव्हा निदान नाव तरी बरोबर घेतील."

खरी अडचण निघाली ती वसाहतीच्या तोंडाशी. कंपनीची मुख्य फायबर अक्कलकोट रोडच्या पलीकडून जात होती. ती चाळीस फुटी रस्ता ओलांडून अलीकडं आणायची तर उंच घर पाहिजे, आणि उंच घर एकच: चन्नप्पांचं. खाली हार्डवेअरचं दुकान, वर दोन मजले, त्यावर जिन्याची खोली. चन्नप्पांनी वायरीचं नाव काढताच हात उडवला.

"न्हाय. मागं एकानं माझ्या भिंतीत भोक पाडून वायर नेली. ती गेली, भोक तसंच. तीन पावसाळे झाले, पोरांची खोली गळतीय. पुन्हा कुणाला वर पाऊल ठेवू देनार न्हाय."

मेहनाज दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. चन्नप्पांनी चहा विचारला नाही. चौथ्या दिवशी तिच्याबरोबर राजेसाब आले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी.

"अण्णा, ते भोक दाखवा," राजेसाब म्हणाले.

"तुमी पाडलं नव्हतं ते."

"व्हय. पण माझ्याच धंद्यातल्या माणसानं पाडलंय."

दोन मजले आणि वर गच्चीचा जिना. राजेसाब प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठडा धरून चढले. मेहनाज मागं हात पसरून चालत होती, पण त्यांनी तिला शिवू दिलं नाही. वर गेल्यावर ते भिंतीपाशी मांडी घालू शकले नाहीत, म्हणून एक पाय लांब करून बसले. भोकातला कुजका कापूस आणि वायरीचा तुकडा ओढून काढला, आतून ओल पुसली, पिशवीतलं सिमेंट कालवलं आणि थापीनं नीट बुजवलं. वरून पाणी झिरपू न देणारा रंग लावला. दीड तास गेला. चन्नप्पा दारात उभे राहून बघत होते. शेवटी ते खाली वाकून म्हणाले, "राजेसाबभाई, उठा आता. खाली चला, चहा घेऊ."

मेहनाजनं बापाकडं बघितलं. राजेसाब थापी पुसण्यात गुंतल्याचं दाखवत होते, पण त्यांच्या मिशीखालचं हसू तिला दिसलं. लहानपणापासून ती या माणसाला दमून, धुळीनं माखून घरी येताना बघत आली होती. त्याचं काम किती नेटकं होतं हे तिनं त्या दिवशी जवळून बघितलं.

पुढचे दोन महिने नुसतं काम. बापूसाहेबांकडचा गुरु नावाचा फायबर जोडणारा चाळिशीचा गडी सुट्टीच्या दिवशी यायचा. पुढं तो नोकरी सोडून तिच्याकडंच आला. चन्नप्पांनी जिन्याखालची जागा भाड्यानं दिली. तिथं एक लोखंडी कपाट, फायबरमधून आलेलं चित्र साध्या वायरीत उतरवणारी पेटी, वीज गेली तरी चालावी म्हणून बॅटरी. एवढीच काय ती कंट्रोल रूम. अकरा गल्ल्यांमध्ये वायरी ओढल्या त्या मेहनाजनं आणि गुरुनं. प्रत्येक वळणावर थोडी वायर वेटोळं करून राखून ठेवायची ही राजेसाबांची शिस्त. गुरुला तो फुकटचा खर्च वाटायचा, तरी ठेवली. फायबर जोडण्याचं यंत्र गुरुचं होतं. केसासारखी काचेची तार सोलायची, स्पिरिटनं पुसायची, टोक सरळ कापायचं आणि यंत्रात ठेवून झाकण लावायचं. आत बारीक ठिणगी पडते आणि दोन टोकं एक होतात. पहिली सहा टोकं मेहनाजनं वाया घालवली. सातवं जमलं. त्यानंतर गुरुनं यंत्राला हात लावला नाही, तिलाच करू दिलं.

सत्तर घरांनी नाव दिलं. सुरुवात ठरली जानेवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी अकराला. आदल्या दिवशी रस्त्यावरनं फायबर ओढून झाली, कपाटातला हिरवा दिवा लागला. मेहनाजनं वसाहतभर निरोप दिला, उद्या अकराला टीव्ही लावून बसा.

गुरुवारी पावणेदहाला ती तिसऱ्या गल्लीत शेवटचा बॉक्स जोडत होती, तेवढ्यात रस्त्याकडून आरडाओरडा ऐकू आला. ती धावत आली. उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की ट्रॉलीच दिसू नये. वरच्या मोळीत अडकून फायबर तुटली होती आणि तिचं टोक ट्रॅक्टरमागं रस्त्यावर लोळत होतं. चन्नप्पांच्या गच्चीच्या कठड्यावरची पट्टी वाकली होती, दोन विटा खाली पडल्या होत्या. चन्नप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. ड्रायव्हर खाली उतरून म्हणत होता, "मला काय दिसती व्हय ती काडीएवढी तार!"

मेहनाजनं एकदा तुटलेल्या टोकाकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. चूक तिला लगेच कळली. उंची तिनं मोजली होती, पण चन्नप्पांच्या गटारापाशी उभं राहून. पलीकडं तार कंपनीच्या खांबाच्या निम्म्यावरच बांधली होती, नव्या डांबरानं रस्ता मधे हातभर वर आला होता, आणि चाळीस फूट लांबीची तार मधे झोळ खाते. मधोमध मोजायचं राहून गेलं होतं. मोजलं त्या दिवसापासून राजेसाबांना ताप होता, ते बरोबर नव्हते. पण ते कारण तिला स्वतःलाही पटलं नाही.

"अण्णा, चूक माझी," ती चन्नप्पांना म्हणाली. "ड्रायव्हरची नाही. मोजायला मी चुकले. विटा मी आजच बसवून देते."

चन्नप्पा काहीतरी जोरात बोलायच्या तयारीत होते. ते थांबले. "विटांचं मागनं बघू. आता काय करनार?"

गुरु म्हणाला, "बाई, उद्यावर ढकला. सामान आणावं लागंल."

मेहनाजनं वसाहतीकडं बघितलं. बायका सुपं बाजूला ठेवून गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या. दोघं पळाले, ही तिसरी; तेवढं त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं.

"आज म्हणजे आज," मेहनाज म्हणाली. "अण्णा, तुमच्याकडं वीस फुटी लोखंडी पाईप आहे का?"

चन्नप्पांनी पाईप दिला, क्लॅम्प दिले, आणि बोल्ट आवळायला स्वतः गच्चीवर आले. पाईप जिन्याच्या खोलीला भक्कम बसवला, कठड्याला नव्हे. कोपऱ्यावर राखून ठेवलेलं वेटोळं सोडलं, म्हणून वायर पुरली. गुरु ते बघून कान खाजवत राहिला. फायबर जोडायला दुकानाच्या काउंटरवरचे खिळ्यांचे डबे बाजूला सारले. पहिलं टोक कापताना मोडलं. तिनं दोन्ही तळवे सलवारीला पुसले, श्वास सोडला आणि पुन्हा सोललं. झाकण लावलं. ठिणगी. जुळलं.

आता तार रस्त्यावरनं पलीकडं न्यायची होती, आणि अक्कलकोट रोड काही कुणासाठी थांबत नाही. मेहनाज पलीकडं कंपनीच्या खांबाला शिडी लावून पट्टा अडकवत होती, तेव्हा तिला खालून शांतम्मांचा आवाज आला. त्यांनी पदर कमरेला खोचला होता आणि सरळ रस्त्याच्या मधे जाऊन एक हात वर केला होता. एसटी थांबली. मागं टँकर थांबला. रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले.

"वाजव, वाजव!" शांतम्मा ओरडल्या. "पोरगी खांबावर हाय. तार वर जाईस्तवर कोन हालनार न्हाय हितनं!"

शिवबाई जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग आणखी चौघी-पाचजणी. दोघींनी येऊन मेहनाजची शिडी धरली. मेहनाज या वेळी खांबाच्या शेंड्यापर्यंत चढली. दोन पाय, एक हात. तिनं खाली बघितलं नाही. तार ओढली, ताण दिला, गुरुला हाताची खूण केली, पुन्हा ओढली. तार रस्त्यावरून उचलत उचलत एसटीच्या टपावरून वर गेली, टँकरच्या वर गेली आणि दोन टोकांमध्ये तंग उभी राहिली. तिनं गाठ पक्की केली. तिथून तिला सगळी वसाहत दिसत होती, अकराच्या अकरा गल्ल्या, आणि त्यांच्यावरून गेलेली तिची वायर.

खाली उतरून ती जिन्याखाली धावली. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दिवा हिरवा. मीटर लावला, आकडा हवा तसा. आणि ती बाहेर पायरीवर येते तोवर पहिल्या गल्लीतून तेलुगू मालिकेतल्या कुणा सासूचा मोठा आवाज आला. त्यापाठोपाठ शिवबाईंच्या घरातून कन्नड बातम्या. मग मराठी, मग कुठूनशी उर्दू मुशायऱ्यातली वाहवा. एका वसाहतीतून चारी भाषा एकदम बाहेर पडत होत्या आणि कुणीही आवाज कमी करत नव्हतं.

मेहनाज पायरीवर बसली. बुटांत पाय सुजले होते. राजेसाब ताप अंगावर घेऊन रिक्षानं आले होते. कुणीतरी फोन केला असणार. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, मान वर करून तारेकडं बराच वेळ बघितलं आणि तिच्यापाशी येऊन म्हणाले, "अब बराबर है." त्यांनी आयुष्यात कुणाच्या कामाला एवढी मोठी दाद दिलेली तिनं ऐकली नव्हती.

महिना झाल्यावर सत्तरपैकी सत्तर घरांनी वर्गणी दिली. शांतम्मांनी स्वतःची दिलीच, वर शेजारणीला दरडावून जोडणी घ्यायला लावली. होळीपर्यंत दीडशे घरं झाली, गणपतीपर्यंत दोनशे नव्वद. तक्रार आली की मेहनाज नाहीतर गुरु अर्ध्या तासात दारात. चन्नप्पांच्या कठड्याला तिनं नव्या विटा बसवून गिलावा करून दिला होता. ते दुकानात येणाऱ्याला कठडा दाखवून सांगत.

दिवाळीनंतर पलीकडच्या माळावरच्या नव्या वसाहतीतल्या बायका मेहनाजकडं आल्या. आमच्याकडंही आणा. तिथं उंच घर नव्हतं, वीज कंपनीचे खांब वापरावे लागणार होते. तिनं परवानगीचा अर्ज केला. एका सकाळी इंजिनिअर साहेब पाहणीला आले. जीपमधून उतरले, हातातला कागद बघितला आणि खांबाखाली उभ्या असलेल्यांवर नजर फिरवली. गुरु होता, मेहनाज होती, काठी टेकून राजेसाब होते. साहेब सरळ राजेसाबांकडं गेले.

"चाचा, केबलचा व्यवसाय तुमचा का?"

राजेसाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि ताठ उभे राहिले.

"नाही साहेब," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "मी हिच्याकडं कामाला आहे."

इंजिनिअर साहेब वळले. मेहनाज पुढं झाली. मग तिनं नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि एकेक खांब दाखवायला सुरुवात केली. तेवीस खांब होते. साहेबांनी खूप प्रश्न विचारले, तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी त्यांनी अर्ज पुढं केला. तिनं सही केली, नाव लिहिलं. नावाखाली हुद्द्याचा रकाना होता. तिनं पेन क्षणभर थांबवलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: मालक.